वधूपित्याच्या गळ्यात ढोल

आमचा बँड चार माणसांचा होता आणि त्याला नाव नव्हतं. नाव काय ठेवावं यावर आमची सहा वर्षं चर्चा चालली, आणि ती संपायच्या आधी बँडच मोडला.

तेव्हा औरंगाबादेत निजामाचा अंमल होता. मी क्लॅरिनेट वाजवायचो. कॉर्नेट नावाची आखूड पितळी तुतारी वाजवणारे शहागंजात शिवणकाम करायचे. आमच्याकडं शिंप्याला खलिफा म्हणायची रीत होती, म्हणून ते आमचे खलिफा. युफोनियम, म्हणजे ते पोटाशी धरायचं पितळेचं मोठं धूड, वाजवणारा गडी जुन्या बाजारात राहायचा आणि सरकी काढायच्या कारखान्यात कापूस तोलायचा. आम्ही त्याला भोंगेवाला म्हणायचो, आणि त्याला ते आवडायचं नाही. चौथा ढोलवाला. तो चितेगावचा शेतकरी. लग्नसराईत बैलगाडीत ढोल टाकून शहरात यायचा आणि सराई संपली की पेरणीला परत जायचा.

बँड मोडला तो गुलमंडीवर, भर वरातीत. खलिफांना वरात उजव्या गल्लीनं न्यायची होती, कारण तिकडं त्यांचा मोहल्ला होता. भोंगेवाल्याला डावीकडून जायचं होतं, कारण तिकडं त्याची सासुरवाडी होती आणि सासऱ्यानं त्याला कधी वाजवताना पाहिलं नव्हतं. दोघांनीही वाजवणं न थांबवता एकमेकांना डोळ्यांनी दम दिला. मग खलिफा उजवीकडं वळले, भोंगेवाला डावीकडं. मी खलिफांच्या मागं गेलो, कारण माझी चाल त्यांच्या चालीला धरून होती. ढोलवाला मात्र चौकातच उभा राहिला आणि दोन्ही बाजूंना ऐकू जावं म्हणून जोरात बडवत राहिला. नवरदेवाची घोडी ढोलाच्या सवयीची, तीही तिथंच उभी राहिली. वऱ्हाडी अर्धे इकडं, अर्धे तिकडं. चौकात उरले एक घोडी, एक नवरदेव आणि एक ढोल.

त्या दिवशी आम्हाला जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. खलिफा म्हणाले, हा माणूस असेपर्यंत मी कॉर्नेटला हात लावणार नाही. भोंगेवाला म्हणाला, हा माणूस असेपर्यंत मी त्याच्याशी बोलणार नाही. दोघांनीही शब्द नऊ वर्षं पाळला.

मी त्याच सुमारास तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून चिकटलो. दिवसभर उर्दूत हुकमांच्या नकला उतरवायच्या. सरकारी नोकरानं रस्त्यात बाजा वाजवणं शोभत नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच ते ठरवून टाकलं. क्लॅरिनेट ट्रंकेत गेलं. पुढं माझं लग्न झालं. बायकोला एकदा त्या काळ्या नळीचा तुकडा सापडला. तिनं तो फुंकणी समजून चुलीशी नेला. सगळी हवा भोकांतून निघून जायला लागली, तेव्हा "कसली फुंकणी घेतलीत तुम्ही, फसवलं तुम्हाला कुणीतरी," म्हणून तिनं तो परत ट्रंकेत टाकला. मी ट्रंकेला कुलूप लावलं.

आणि मग एका दुपारी ढोलवाला थेट कचेरीत येऊन माझ्या मेजासमोर उभा राहिला. नऊ वर्षांत मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, छाती तेवढीच होती.

"लेकीचं लगीन हाय," तो म्हणाला. "देवगाव रंगारीचं स्थळ. मोठी मानसं हायत. बाजा आपलाच."

"कुणाचा आपला?"

"आपला म्हंजे आपला. चौघांचा."

मी इकडंतिकडं बघितलं. सगळे अहलकार मान खाली घालून लिहीत होते, म्हणजे ऐकत होते. मी त्याला बाहेर लिंबाखाली नेलं आणि समजावलं की खलिफा आणि भोंगेवाला एकमेकांचं तोंड बघत नाहीत, मी सरकारी माणूस आहे, आणि मुख्य म्हणजे मुलीच्या बापानं ढोल वाजवल्यावर मुलाकडच्यांचं स्वागत कोण करणार?

"वाजवत वाजवत करीन की," तो म्हणाला. मग म्हणाला, "पोरगी सात वर्साची व्हती तवा गाडीत बसून आपलं वाजवनं ऐकायची. सरावाला यायची माझ्यासंगं. आठवतंय का? आता तिनं एकच मागितलंय. म्हनली, बाबा, दुसऱ्याचा बाजा नको. लई म्हनली. मी तिला नाय कसं म्हनू?"

मला आठवत होतं. गाडीत कडब्यावर बसून ती तोंडानं ढोल वाजवायची, आणि बापाचा ठेका चुकला की ओरडायची. मी हो म्हणालो.

खलिफांच्या दुकानात गेलो तेव्हा ते एका शेरवानीला काजं करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही.

"वो आएगा?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"वही. जिसका नाम मैं नहीं लेता."

"त्याला अजून विचारलं नाही."

"उसकू बोलो, मैं उसके वास्ते नहीं आ रहा. बच्ची के वास्ते आ रहा."

जुन्या बाजारात गेलो तर भोंगेवाल्यानंही शब्दाला शब्द तेच सांगितलं, फक्त मराठीत. पण खरी अडचण पुढंच होती. युफोनियम कुठं आहे विचारलं, तर तो मला मागच्या पडवीत घेऊन गेला. कोपऱ्यात ते धूड तोंड वर करून ठेवलं होतं. त्या तोंडात गवत भरलेलं होतं आणि गवतावर एक तांबडी कोंबडी बसली होती. तिनं माझ्याकडं रागानं बघितलं.

"अंड्यांवर बसलीय," भोंगेवाल्याची बायको म्हणाली. "आज पाचवा दिस. उठवायची नाय. मागल्या वक्ताला उठवली तर सगळी अंडी वाया गेली."

मी बोटांवर हिशेब केला. कोंबडीला अजून सोळा दिवस लागणार होते. लग्न एकोणीस दिवसांवर होतं.

"तीन दिवस राहतात मग," भोंगेवाला म्हणाला. "बास झाले की."

म्हणून आमचा सराव सुरू झाला तो असा: दर शुक्रवारी सुट्टी असायची, आणि खलिफा जुम्म्याची नमाज पढून आले की दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही जमायचो. पहिल्या शुक्रवारी ढोलवाला लग्नाच्या गडबडीतून वेळ काढून आला. खलिफांनी कॉर्नेट लखलखीत घासून ठेवलं होतं. नऊ वर्षं हात लावला नाही म्हणणाऱ्या माणसाचं कॉर्नेट इतकं कसं चमकतं हे मी विचारलं नाही. माझ्या क्लॅरिनेटची रीड, म्हणजे तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी, चिरली होती. ती मुंबईहून मागवावी लागायची आणि तेवढा वेळ नव्हता. कचेरीत आम्ही बरूच्या लेखण्या तासायचो, त्यातलाच एक जाड बरू घेऊन मी चाकूनं तासत बसलो आणि तिसऱ्या प्रयत्नात रीडसारखं काहीतरी तयार केलं. ते वाजायचं. कसं वाजायचं ते पुढं येईलच.

भोंगेवाल्याकडं वाद्यच नव्हतं, त्यामुळं तो त्याची चाल तोंडानं म्हणायचा. दोन्ही हात पोटावर धरून, गाल फुगवून, डोळे मिटून, "भों... भों... भोंपभों..." खोलीच्या भिंती हलायच्या. तरीही तो आणि खलिफा एकमेकांशी बोलत नव्हते. सगळं माझ्यामार्फत चालायचं.

"इनकू बोलो," खलिफा माझ्याकडं बघून म्हणायचे, "सुर नीचे जा रहा है."

"त्यांना सांगा," भोंगेवाला भिंतीकडं बघून म्हणायचा, "माझ्या तोंडात पितळ नाय. हाडामांसाचं तोंड हाय."

"बोलो, नौ साल पहले भी नीचे ही जाता था."

"सांगा त्यांना, वरचा सूर कोन लावायचं आन् तो फुटला की माझ्याकडं कोन बघायचं ते बी आठवतंय म्हनावं."

मी काहीच सांगायचो नाही, कारण दोघांच्या मध्ये दोन हातांचं अंतर होतं आणि दोघांनाही सगळं ऐकू यायचं. ढोलवाला बिचारा हात जोडून बसायचा. एकदा तो म्हणाला, "मला व्याह्यांची भीती न्हाई वाटत, तुमची वाटती."

खलिफांनी जुने लाल कोट मागवून घेतले. माझा कोट पुढं वीतभर कमी पडत होता. त्यांनी दोन्ही कुशींत नवं कापड घातलं. लाल म्हणून घातलं, पण ते डाळिंबी होतं, त्यामुळं बाजूनं बघितलं तर मी दोन रंगांचा दिसायचो. भोंगेवाल्याचा कोट त्यांनी माझ्या आधी शिवून ठेवला होता, आणि कॉलरला आतून मऊ अस्तर लावलं होतं. भोंगेवाल्याची मान घासली जायची हे त्यांना आठवत होतं. कोट देताना मात्र त्यांनी माझ्याच हातात दिला. "इनकू दे दो."

सोळाव्या दिवशी पिल्लं निघाली. नऊ. भोंगेवाला संध्याकाळी कचेरीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला आणि स्वतःला मुलगा झाल्यासारखं ते सांगून गेला. युफोनियम राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, गरम पाण्यानं धुतलं. पण त्यात फुंकर मारली की अजूनही खुराड्याचा वास यायचा, आणि तो समोरच्याला आधी यायचा.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी रजेचा अर्ज लिहिला. तबियत नासाज आहे, बुखार आहे, एक दिवसाची रुखसत मिळावी. आमचे तहसीलदारसाहेब हैदराबादेकडचे होते. उंच, कडक इस्त्रीची शेरवानी, डोक्यावर तुर्की टोपी, आणि बोलणं इतकं मोजकं की अर्धी कचेरी त्यांच्या पावलांच्या आवाजानंच ताठ बसायची. त्यांनी अर्जावर सही केली. वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच बैलगाडी निघाली. पैठणच्या रस्त्यानं चितेगावला पोचेपर्यंत उन्हं चांगलीच वर आली होती. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नवरदेव आणि वऱ्हाड मारुतीच्या देवळाशी उतरलं होतं, आणि तिथून त्यांना वाजतगाजत मांडवापर्यंत आणायचं काम आमचं होतं. ढोलवाल्यानं नवा फेटा बांधला होता, वर लाल कोट, आणि ढोल. ढोलाचा पट्टा जुना झाला होता म्हणून खलिफांनी तो त्याच्या खांद्यावरच नीट मापानं आवळून, दोन ठिकाणी दोऱ्यानं पक्का शिवून टाकला.

"अब तुम गिर जाएगा, पण ये नहीं गिरता," ते म्हणाले.

देवळाशी पोचलो. वऱ्हाडात, सतरंजीवर, तक्क्याला टेकून तहसीलदारसाहेब बसले होते. मुलाचे वडील देवगाव रंगारीचे मोठे जमीनदार, साहेबांशी त्यांचा परिचय होता, म्हणून साहेब दौऱ्यावरून तसेच आले होते. मी भोंगेवाल्याच्या आड लपलो. तिथं वास होता, पण इलाज नव्हता.

"काय झालं?" भोंगेवाला म्हणाला.

"माझे साहेब. मी तापानं घरी पडलोय."

त्यानं माझी टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली. "पडून राहा मग," तो म्हणाला, आणि खलिफांनी कॉर्नेट उचललं.

आम्ही वाजवायला लागलो. नऊ वर्षांनी. पहिल्या दोन ओळी कशाबशा गेल्या. माझी बरूची रीड मधेच किंचाळली, खलिफांचा दम लवकर संपायचा, युफोनियममधून एक गवताची काडी उडाली. पण तिसऱ्या ओळीला काहीतरी जुळलं. ढोलाचा ठेका मागून असा पाठीत बसला की बोटं आपोआप जागेवर पडायला लागली. मी साहेबांना विसरलो. गावातली पोरं नाचायला लागली.

मग रस्ता फुटला. मारुतीच्या देवळापासून पुढं गेलं की एक वाट पाटलाच्या विहिरीवरून जायची, दुसरी वेशीतून. दोन्ही मांडवाकडंच जात होत्या. पण तिथं पोचताच खलिफा थांबले. भोंगेवालाही थांबला. वाजवणं बंद पडलं. गुलमंडी आम्हा चौघांच्याही डोळ्यांसमोर उभी राहिली.

आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा खलिफा त्याच्याकडं बघून बोलले. "किधर से चलें?"

भोंगेवाल्यानं घसा खाकरला. "तुम्ही म्हणाल तिकडनं."

"नक्को, तुम बोलो."

"छे, छे. तुम्हीच. तुमचा मान."

"अरे मियाँ, तुम्हारा हक़ है. उस दिन मैं ग़लत था."

"नाय हो, त्या दिवशी मीच..."

"मेरी ग़लती थी बोल रहा हूँ ना मैं!" खलिफांचा आवाज चढला.

"आन् मी म्हणतो माझी व्हती!" भोंगेवाल्यानंही चढवला.

दोघं पुन्हा भांडायच्या बेतात आले. मागं घोडी फुरफुरली. वऱ्हाड एकमेकांवर आदळायला लागलं. तेवढ्यात साहेब माणसं बाजूला सारत पुढं आले. थेट माझ्यासमोर, दोन हातांवर उभे राहिले. मी टोपीखालून बघितलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. रोज सकाळी मी याच चेहऱ्यानं त्यांना आदाब करायचो.

"क्या तमाशा है?" ते म्हणाले. "आगे बढ़ो, बाजेवाले!"

आणि वळून निघून गेले. ओळखलं नाही. ओळखून न ओळखल्यासारखं केलं असंही नाही. लाल कोटातल्या माणसाला तोंड असतं हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही. सुटलो म्हणून जीव भांड्यात पडला, आणि का कोण जाणे, तोच जीव थोडा दुखलाही.

"अरं, माझ्या पोरीचं लगीन लागू द्या!" मागून ढोलवाला ओरडला, आणि त्यानं ढोलावर असं टिपरू हाणलं की घोडीनंच निर्णय घेतला आणि ती वेशीकडं चालायला लागली. आम्ही तिच्या मागं.

मांडवाच्या दाराशी पुढचा प्रसंग वाढून ठेवला होता. नवरदेवाचे पाय धुतले गेले. आता व्याहीभेट. मुलाचे वडील, चांगले पोटवाले, जरीचा फेटा बांधलेले, हात पुढं करून उभे राहिले आणि म्हणाले, "व्याही कुठायत? भेटीला कुनी हाय का न्हाई?"

"हितं हाय की!" ढोलवाला म्हणाला आणि पुढं झाला.

वाटभर ढोल बडवणारा व्याहीच होता हे मुलाकडच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मुलाचे वडील त्याच्याकडं बघत राहिले. लाल कोट, गळ्यात ढोल, हातात टिपरू, कपाळावर घाम. बाजेवाल्याची लेक आपण सून म्हणून करून घेतोय हे त्यांच्या मनात आलं असणार. माझ्याही मनात आलं.

"ढोल उतरवा," ते हळूच म्हणाले.

ढोलवाल्यानं पट्टा ओढला. निघेना. खलिफा धावले, दात लावून दोरा तोडायला बघू लागले. खलिफांचं शिवणकाम मोठं मजबूत होतं.

"निघत नाय," ढोलवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता. "पोरीनं मागितलं व्हतं, म्हनून वाजवला. एवढंच मागितलं तिनं."

मांडवात, आतल्या पडद्याआड, कुणीतरी हुंदका दिला. मुलाचे वडील एक पाऊल पुढं आले. मग त्यांनी दोन्ही हात पसरले आणि ढोलासकट व्याह्याला मिठी मारली. त्यांचं पोट ढोलावर आपटलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा "धम्म" आवाज आला. मग मुलाचे वडील स्वतःच हसले, आणि मुद्दाम पुन्हा एकदा भेटले. धम्म. मग मांडव हसायचा थांबेना. ढोलवाला डोळे पुसत हसत होता. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, तेव्हाही ढोल त्याच्या गळ्यातच होता. जेवणाच्या पंगतीत विळ्यानं पट्टा कापला तेव्हा कुठं त्याला पानावर बसता आलं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. दुपारी साहेबांनी कागद घेऊन आत बोलावलं. सही करता करता म्हणाले, "कल एक शादी में गए थे. बाजा इतना ख़राब, तौबा. ढोल अच्छा था. एक क्लॅरिनेट तो बत्तख़ की तरह रो रहा था."

मी गप्प बसायला हवं होतं. पण बदक हा शब्द मला लागला.

"हुजूर," मी म्हणालो, "रीड का क़सूर था. बरू की थी."

"क्या?"

"वो क्लॅरिनेट मैं ही बजा रहा था, हुजूर."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मग उठून आले, माझ्या कपाळाला हात लावला, आणि कधी नव्हे इतक्या मायेनं म्हणाले, "अभी बुख़ार उतरा नहीं. क्यों आ गए? जाओ, दो रोज़ और आराम करो."

पुढं दोन-तीनदा मी त्यांना खरं सांगायचा प्रयत्न केला. दरवेळी ते शिपायाला माझ्यासाठी पाणी आणायला सांगायचे.

त्या दुपारी मी घरी न जाता शहागंजात गेलो. दुकानाच्या दारातच आवाज ऐकू आला. भोंगेवाला आतच होता, कापसाच्या कारखान्यातून तसाच आलेला, केसांत कापूस. दोघं समोरासमोर बसून, एकमेकांच्या तोंडावर, मध्ये कुणी नसताना भांडत होते की दुसऱ्या ओळीत आधी कोण घसरलं. मला बघताच दोघं एकदम म्हणाले, "तूच सांग."

मी सांगितलं की मी घसरलो. दोघांनाही ते पटलं नाही. मग खलिफांनी चहा मागवला आणि म्हणाले, बोलून काय होतं, वाजवून बघू.

त्यानंतर माझी परभणीला बदली होईपर्यंत दर शुक्रवारी आम्ही वाजवत होतो. ढोलवाला महिन्यातून एकदा यायचा. लग्नाचं बोलावणं कुणाचंच आलं नाही. मुंबईहून रीड आली, पण खलिफांचं म्हणणं पडलं की बरूची होती तीच बरी होती, निदान क्लॅरिनेट कुठं आहे ते कळायचं. बायकोला मी एका शुक्रवारी दुकानात घेऊन गेलो. ती दारापाशी बसून सगळं ऐकत होती. परतताना औरंगपुऱ्यात म्हणाली, "म्हणजे ती फुंकणीच होती. मलाच फुंकता येत नव्हती."

शेवटच्या शुक्रवारी तिघंही स्टेशनवर आले होते. गाडी येईपर्यंत खलिफा आणि भोंगेवाला मला निरोपाला कुठली चाल वाजवायची यावर वाद घालत होते. गाडी सुटली तेव्हा त्यांचं काही ठरलं नव्हतं, आणि ढोलवाला दोघांच्या मध्ये उभा राहून मला हात हलवत होता.